डबा कुठे ठेवला, कधी उघडला: बॅटलमेंट मेसाच्या हवेची मोजणी

हवेचे नमुने घेणारी माणसं ज्याला कॅनिस्टर म्हणतात, तो सहा लिटरचा, फुटबॉलएवढा, चकचकीत स्टीलचा गोल डबा असतो. आत काहीच नसतं. हवासुद्धा नाही, प्रयोगशाळेत ती उपसून काढलेली असते. जागेवर नेऊन तोटी उघडली की बाहेरची हवा आत ओढली जाते, पण तोंडाशी बसवलेल्या बारीक छिद्रातून इतकी हळूहळू, की कानाला काही ऐकू येत नाही. डबा भरायला पूर्ण २४ तास लागतात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तोटी बंद करायची, चिठ्ठी बांधायची, डबा प्रयोगशाळेकडे रवाना करायचा. काही दिवसांनी कागद येतो: बेंझीन इतकं, टोल्युईन इतकं, झायलीन इतकं. तेल-वायूबरोबर सुटणाऱ्या अपायकारक वाफांची ही नावं.

समजा, रात्री दोन ते चार या वेळात हवेत घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम बेंझीन होतं आणि उरलेले २२ तास फक्त २. डब्याचा कागद सांगेल १०. आकडा चोख आहे, हिशेबात कुठे लबाडी नाही. पण त्या दोन तासांत डोकं धरून खिडक्या लावत फिरलेल्या बाईला तो कागद दाखवा, ती काय म्हणेल?

पर्यावरण आणि आरोग्य या विषयात शिकवताना मी जे प्रकरण हमखास घेतो ते या प्रश्नाभोवती फिरतं. ते अमेरिकेतलं आहे आणि आता जुनं झालं आहे. तरीही तेल-वायूच्या विहिरींशेजारी राहणाऱ्यांच्या आरोग्याचा धोका मोजायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यात जितकं उघडं पडतं तितकं दुसरीकडे क्वचितच.

गावाची कुंडली

बॅटलमेंट मेसा हे कोलोरॅडो राज्याच्या पश्चिम भागातलं, गारफिल्ड काउंटीतलं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), साधारण पाच हजार वस्तीचं गाव. कोलोरॅडो नदीच्या एका काठाला पॅराशूट हे जुनं गाव, दुसऱ्या काठावर पठारावर हे नवं. खोऱ्यातूनच आय-७० महामार्ग जातो. दोन्ही बाजूंना उंच कडे, त्यामुळे थंडीत रात्रीची गार हवा खोऱ्यात तळाशी बसते आणि ऊन चढेपर्यंत हलत नाही. हा तपशील पुढे लागणार आहे.

या गावाची कुंडलीच तेलाने लिहिली. एक्सॉन कंपनी इथल्या दगडातून, म्हणजे ऑइल शेलमधून, तेल काढणार होती. त्या कामगारांसाठी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिने ही वसाहत उभारायला घेतली. तेलाचा भाव घसरला आणि रविवारी, २ मे १९८२ला, कंपनीने प्रकल्प गुंडाळला. दोन हजारांहून जास्त लोकांचं काम एका दिवसात गेलं. त्या भागात अजूनही त्याला 'ब्लॅक संडे' म्हणतात. रिकामी घरं मग निवृत्त लोकांना विकली गेली. कोरडी हवा, नदीचा देखावा, गोल्फचं मैदान. म्हणजे तेलासाठी बांधलेल्या गावात शांततेसाठी माणसं राहायला आली.

त्याच्याही आधीची एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. १० सप्टेंबर १९६९ला या परिसरात रुलिसन इथे जमिनीखाली सुमारे ८,४०० फुटांवर अणुस्फोट केला होता. हेतू शांततेचा: घट्ट वाळूच्या दगडात अडकलेला वायू मोकळा करायचा. वायू मोकळा झालाही, पण किरणोत्सर्गी निघाला, आणि तसला वायू कुणाच्या चुलीत जाळणार? इथल्या लोकांना 'काळजी करू नका, तंत्रज्ञान सुरक्षित आहे' हे वाक्य ऐकायची सवय किती जुनी आहे ते यावरून कळावं.

तोच अडकलेला वायू चाळीस वर्षांनी फ्रॅकिंगने, म्हणजे दाबाने पाणी सोडून दगडाला तडे पाडून, सुटू लागला. २००९मध्ये अँटेरो रिसोर्सेस या कंपनीने गावाच्या हद्दीत दहाच्या आसपास पॅड बांधून सुमारे २०० विहिरी खोदायची योजना मांडली. पॅड म्हणजे सपाट केलेला चौथरा. एकाच चौथऱ्यावरून तिरप्या दिशांनी अनेक विहिरी जातात. घरमालकांना नकार द्यायची सोय नव्हती. अमेरिकेत वरची जमीन एकाची आणि खालचं खनिज दुसऱ्याचं असू शकतं, आणि खालच्याला वर येण्याचा हक्क असतो. आपल्याकडे तेल-वायूवर सरकारचाच हक्क, त्यामुळे हा पेच आपल्या चटकन ध्यानात येत नाही.

गावकऱ्यांनी संघटना केली. त्यांची मागणी मला विलक्षण समंजस वाटते. खोदू नका असा धोशा त्यांनी लावला नाही. म्हणाले, परवानगी देण्याआधी आमच्या आरोग्याचं काय होईल ते मोजा. काउंटीच्या कमिशनरांनी, म्हणजे तिथल्या निवडून आलेल्या कारभाऱ्यांनी, मान्य केलं आणि २०१०मध्ये कोलोरॅडो स्कूल ऑफ पब्लिक हेल्थला 'आरोग्य परिणाम मूल्यमापन' करायचं काम दिलं.

आजारी माणसं मोजायची की हवा?

पहिला विचार कुणाच्याही मनात येतो तो असा: विहिरींजवळ राहणारे जास्त आजारी पडतात का ते बघा. दवाखान्यांच्या नोंदी, कर्करोगाची नोंदवही, जन्मनोंदी काढा, हिशेब करा.

पाच हजारांच्या गावात हे जमत नाही. समजा, रक्ताचा एखादा कर्करोग वर्षाला लाखात पाच जणांना होतो. या गावात तो चार वर्षांत एकाला होईल. विहिरींमुळे धोका दुप्पट झाला असं धरलं, तर चार वर्षांत दोघांना. एकाचे दोन झाले हे विहिरींमुळे की योगायोगाने, हे जगातला कुठलाही संख्याशास्त्रज्ञ सांगू शकणार नाही. त्यातून बेंझीनमुळे होणारा कर्करोग उमटायला वर्षं जातात, तोवर खोदायची रिग पुढच्या गावी आणि भाडेकरू पुढच्या घरी. बरं, इथे तर विहिरी अजून खोदायच्याच होत्या. जे झालंच नाही त्याचे रुग्ण कुठून मोजणार?

म्हणून संशोधकांनी उलट्या टोकाने सुरुवात केली. माणसाच्या शरीरापासून विहिरीकडे न जाता विहिरीपासून शरीराकडे. हवेत काय सुटतं, किती, ते कुठवर जातं, किती काळ श्वासातून आत जातं आणि तेवढ्याने काय होऊ शकतं. यात एकही रुग्ण लागत नाही. आणि नेमकं हेच पुढे दोन्ही बाजूंनी वापरलं गेलं. कंपनीवाले म्हणायचे, 'एक तरी आजारी माणूस दाखवा'. गावातले म्हणायचे, 'आजारी पडेपर्यंत थांबायचं का?'

रोक्साना विटर, लिसा मॅकेन्झी, जॉन अ‍ॅडगेट यांच्या या गटाने फक्त हवाच पाहिली नाही. पाणी आणि माती, ट्रकांची वर्दळ, आवाज, अपघात, दवाखान्यांवरचा ताण, गावातलं सामाजिक वातावरण, पैसा, असे सगळे धागे उचलले. ट्रकांचा धोका मला तरी सगळ्यात निर्विवाद वाटतो: म्हाताऱ्या माणसांचं गाव, अरुंद रस्ते, आणि त्यावरून पाणी-वाळू वाहणारे अवजड ट्रक. पण वाद पेटला तो हवेवरून, कारण हवेच्या बाबतीत आकडा काढता येत होता.

सप्टेंबर २०१०मध्ये पहिला मसुदा आला. त्यात सत्तरहून अधिक शिफारशी होत्या. हरकतींचा पाऊस पडला. गटाने त्या वाचून फेब्रुवारी २०११मध्ये दुसरा मसुदा दिला. पुन्हा हरकती. शेवटी मे २०११मध्ये कमिशनरांनी काम तिथेच थांबवलं. अंतिम अहवाल निघालाच नाही. आजही तो 'मसुदा' म्हणूनच ओळखला जातो. मध्येच बंद पडलेला अहवाल कुणालाच बांधील नसतो. मान्य करायचा नाही आणि नाकारल्याचा ठपकाही घ्यायचा नाही, अशी सोय. आपल्या सरकारी समित्यांचे अहवाल ज्यांनी पाहिले आहेत त्यांना वेगळं सांगायला नको.

भागाकार

अहवाल थांबला, पण त्यातली हवेची आकडेमोड संशोधकांनी पुढे नेली आणि २०१२मध्ये एका शोधनियतकालिकात छापली. इथे जरा थांबायला हवं, कारण पुढची दहा वर्षं ज्या आकड्यांवर भांडणं झाली ते इथले.

त्यांच्याकडे दोन प्रकारचे नमुने होते. एक, काउंटीच्या एका कायमच्या केंद्रावर जानेवारी २००८ ते नोव्हेंबर २०१० या काळात घेतलेले १६३ नमुने, प्रत्येकी २४ तासांचा. हे केंद्र विहिरींच्या प्रदेशात होतं, पण कुठल्या एका पॅडला चिकटून नव्हतं. दुसरे फक्त २४ नमुने, पण ते विहीर 'पूर्ण' करायचं काम चालू असताना पॅडच्या मध्यापासून १३० ते ५०० फुटांवर घेतलेले.

विहीर पूर्ण करणं म्हणजे काय ते समजून घेतलं की बाकीचं सोपं जातं. आधी खोदकाम होतं. मग प्रचंड दाबाने पाणी, वाळू आणि रसायनं आत सोडून दगडाला तडे पाडतात, हे फ्रॅकिंग. मग तेच पाणी उलट वर येतं आणि येताना वायू आणि पातळ हायड्रोकार्बन घेऊन येतं, हा फ्लोबॅक. पुढे वीस-तीस वर्षं विहीर निमूट वायू देत राहते. गंमत अशी की लोकांच्या मनात भीती असते ती फ्रॅकिंग या शब्दाची, पण नाकाला जाणवणारी बरीच वाफ सुटते ती फ्लोबॅकच्या दिवसांत. विहिरीच्या तीस वर्षांच्या आयुष्यात हे दिवस किती? मोजके. तीस वर्षांची सरासरी काढली तर ते दिवस कुठल्या कुठे विरून जातात.

या गटाने ते दिवस वेगळे काढले, हे त्यांचं सगळ्यात मोठं काम असं माझं मत आहे. पूर्णीकरणाचा काळ २० महिने धरून त्याचा स्वतंत्र हिशेब केला आणि पूर्ण तीस वर्षांचा वेगळा.

हिशेब म्हणजे भागाकारच. वर हवेत सापडलेलं प्रमाण, खाली 'इतपत श्वासात गेलं तरी अपाय होऊ नये' असं ठरवलेलं प्रमाण. उत्तर एकपेक्षा कमी आलं तर निश्वास टाकायचा, जास्त आलं तर पुढे बघायचं. प्रत्येक रसायनाचा असा भागाकार करून बेरीज केली की धोका निर्देशांक मिळतो.

विहिरींपासून अर्ध्या मैलाच्या आत राहणाऱ्यांचा त्या २० महिन्यांचा निर्देशांक ५ आला. त्यापलीकडे राहणाऱ्यांचा ०.२. दीर्घ काळाचे आकडे १ आणि ०.४. म्हणजे तीस वर्षांकडे बघितलं तर जेमतेम सीमारेषेवर, २० महिन्यांकडे बघितलं तर पाचपट. कर्करोगाचा वाढीव धोका आत दहा लाखांत १०, बाहेर दहा लाखांत ६. अमेरिकेची पर्यावरण संस्था दहा लाखांत १ ते १०० या पट्ट्यातला धोका सहसा सहन करण्याजोगा मानते, तेव्हा दोन्ही आकडे त्या पट्ट्यातच बसतात.

आणखी एक मजेची बाब. सगळे बोलत होते बेंझीनबद्दल, कारण ते नाव लोकांना ठाऊक. कर्करोगाच्या हिशेबात त्याचा वाटा मोठा होताच. पण तो '५' मुख्यतः आला होता ट्रायमिथाइलबेंझीन, झायलीन आणि लांबट साखळीच्या हायड्रोकार्बनांमुळे. हे सारे मज्जासंस्थेला आणि श्वासनलिकेला त्रास देणारे. डोकेदुखी, घशात खवखव, डोळ्यांची आग: गावकरी ज्या तक्रारी करत होते त्या जातीचे.

आता भागाकाराच्या खालच्या आकड्याकडे या. तो कुणी ठरवला? बेंझीनसाठी दीर्घकाळचं प्रमाण अमेरिकेच्या त्याच केंद्रीय पर्यावरण संस्थेने ३० मायक्रोग्रॅम धरलं आहे. कॅलिफोर्निया राज्याने २०१४मध्ये ३ ठरवलं. एकच देश, एकच रसायन, तीच फुप्फुसं, आणि दहापट फरक. एका तासासाठी कॅलिफोर्नियाचं प्रमाण २७ आहे. सुरुवातीच्या माझ्या उदाहरणातली ती रात्र या हिशेबाने जवळजवळ चौपट वर जाते, आणि डब्याच्या कागदावरचा १० मात्र खालीच राहतो. ट्रायमिथाइलबेंझीनचं उलट झालं. २०१२मध्ये खाली जो आकडा वापरला होता तो बराच कडक होता. २०१६मध्ये केंद्रीय पर्यावरण संस्थेने त्यासाठी ६० मायक्रोग्रॅम हे प्रमाण ठरवलं. खालचा आकडा मोठा झाला की उत्तर लहान होतं. तोच डबा, तीच हवा, आज भागाकार केला तर ५ येणार नाही.

हे विद्यार्थ्यांना सांगितलं की एखादा तरी म्हणतो, 'मग सर, हा सगळा आकड्यांचा खेळच की.' खेळ नव्हे. ५ आणि ०.२ यांच्यातला पंचवीसपटीचा फरक खालचा आकडा बदलल्याने पुसला जात नाही, कारण तो दोघांनाही सारखाच लागतो. जवळ आणि लांब यांत तफावत आहे एवढं त्या नमुन्यांनी दाखवलं. ती तफावत म्हणजे किती आजार, हे त्यांनी दाखवलं नाही.

२०१२च्या त्या शोधलेखातली दुखरी नस दुसरीकडे आहे. ५०० फुटांच्या आत घेतलेले नमुने अर्ध्या मैलाच्या, म्हणजे २,६४० फुटांच्या, आतल्या सगळ्यांना लावले. ५०० फुटांवरची हवा आणि २,५०० फुटांवरची हवा एकच कशी असेल? अर्धा मैल हा आकडाही कुठल्या समीकरणातून आला नव्हता. वासाच्या तक्रारी साधारण तिथपर्यंतच्या लोकांकडून येत होत्या म्हणून निवडला होता. नमुने फक्त २४. शिवाय खोऱ्यात महामार्ग, म्हणजे गाड्यांचं बेंझीनही त्याच हवेत. विरोधकांनी हे सगळं उगाळलं आणि ते चूक नव्हते. पण मला यातली खरी उणीव वेगळीच वाटते: २४ तासांच्या डब्यातून काही तासांच्या त्रासाबद्दल काही सांगताच येत नव्हतं. लोक तक्रार करत होते रात्रीच्या वासाची, म्हणजे गार हवा खोऱ्यात तळाशी बसते त्या वेळेच्या. त्यासाठीचा आकडा त्या शोधलेखात नाहीच.

२०१४मध्ये याच गटाच्या मॅकेन्झी यांनी दुसरी वाट धरली. आता एक गाव नाही, ग्रामीण कोलोरॅडोतले १९९६ ते २००९ या काळातले १,२४,८४२ जन्म. आईच्या घराभोवती दहा मैलांत किती विहिरी, किती जवळ, त्यावरून गट पाडले. विहिरींची सर्वाधिक दाटी असलेल्या गटात बाळाला जन्मजात हृदयदोष असण्याची शक्यता १.३ पट आढळली. आणि अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची बाळं? ती उलट किंचित कमी. ही गोष्ट बातम्यांतून गळली. राज्याच्या आरोग्य खात्याने लगोलग जाहीर केलं की या निष्कर्षांवरून गरोदर बायांनी घाबरून जाऊ नये. माझ्या मते इथे खात्याचं म्हणणं निम्मं बरोबर होतं. कुठली विहीर त्या नऊ महिन्यांत कुठल्या टप्प्यात होती, आई घरी असायची की दूर कामाला जायची, यातलं काहीच त्या नोंदींत नव्हतं. मोठ्या संख्येने योगायोगाचा आक्षेप मिटतो, पण मोजमाप भोंगळ होतं. गाव घेतलं की संख्या अपुरी, राज्य घेतलं की तपशील अपुरा.

अ‍ॅसिटिलीनची युक्ती

कोंडी फुटली ती एका साध्या युक्तीने. २०१३ ते २०१६ या काळात कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या जेफ्री कोलेट यांच्या गटाने गारफिल्ड काउंटीतच नव्याने मोजणी केली. त्यांनी प्रश्न बदलला. 'इथे हवेत किती आहे' हे वाऱ्यावर अवलंबून. वारा फिरला की उत्तर बदलतं. त्याऐवजी 'विहिरीतून सेकंदाला किती सुटतं' हे विचारलं.

ते कसं मोजायचं? विहिरीशेजारी सिलिंडरमधून ठरावीक वेगाने अ‍ॅसिटिलीन सोडायचं, वेल्डिंगवाल्यांकडे असतं तेच. किती सोडलं ते पक्कं ठाऊक. मग वाऱ्याच्या दिशेने पुढे जाऊन हवेचा नमुना घ्यायचा. वाऱ्याने अ‍ॅसिटिलीन जितकं पातळ केलं तितकंच बेंझीनही पातळ केलं असणार, कारण दोघं एकाच जागेवरून निघाले. समजा, नमुन्यात बेंझीन अ‍ॅसिटिलीनच्या निम्मं निघालं. मग विहिरीतून सुटणारं बेंझीनही सोडलेल्या अ‍ॅसिटिलीनच्या निम्मं. दूध किती आहे ते कळत नसेल तर त्यात मोजून साखर घाला आणि गोडी चाखा, तसंच हे. खोदकाम, फ्रॅकिंग, फ्लोबॅक, प्रत्येक टप्प्याचा सुटण्याचा वेग वेगवेगळा हाती आला.

एकदा तो वेग मिळाला की बाकी काम संगणकाचं. राज्याच्या सांगण्यावरून आयसीएफ या सल्लागार कंपनीने हे आकडे घेतले, वर्षभराचं तासातासाचं हवामान घेतलं आणि वेगवेगळ्या अंतरावर काल्पनिक माणसं उभी केली. ऑक्टोबर २०१९मध्ये अहवाल आला. दीर्घ काळाचा धोका बहुतांशी कमी. पण वारा पडलेला, काम जोरात, अशा वाईटातल्या वाईट तासांत प्रमाण सुरक्षित पातळीच्या वर, आणि ते २,००० फुटांपर्यंत. त्यातही फ्लोबॅकचे तास ठळक. त्रास कोणता? डोकेदुखी, चक्कर, डोळ्यांची आणि घशाची जळजळ.

या अहवालाच्या दहा वर्षं आधी बॅटलमेंट मेसाचे म्हातारे-म्हाताऱ्या हेच सांगत होते. तेव्हा त्याला 'किस्से' म्हणायचे.

पाचशे ते दोन हजार

कोलोरॅडोत २०१३पासून घर आणि विहीर यांत ५०० फुटांचं अंतर सक्तीचं होतं. २०१८मध्ये ते २,५०० करावं म्हणून जनमत घेतलं, ते पडलं. कंपन्यांनी विरोधात अमाप पैसा ओतला. पण २०१७मध्ये फायरस्टोन गावात विहिरीच्या तुटलेल्या नळीतून वायू झिरपून घराचा स्फोट झाला होता, दोन माणसं गेली होती, आणि वातावरण फिरलं होतं. एप्रिल २०१९मध्ये नवा कायदा झाला. तोवर राज्याच्या आयोगाचं काम तेल-वायूच्या उत्पादनाला चालना देणं हे होतं. आता लोकांचं आरोग्य आधी आलं. नोव्हेंबर २०२०मध्ये आयोगाने २,००० फुटांची अट मंजूर केली आणि जानेवारी २०२१पासून ती लागू झाली. पळवाटा ठेवल्या आहेत: शेजाऱ्यांनी लेखी संमती दिली, किंवा तितकंच संरक्षण दुसऱ्या मार्गाने देता येतं असं आयोगाला पटलं, तर जवळ खोदता येतं.

बॅटलमेंट मेसाला याचा उपयोग? अँटेरोने २०१२च्या अखेरीस तिथलं काम उर्सा रिसोर्सेसला विकलं. उर्साने काउंटीची परवानगी मिळवली आणि गावाच्या हद्दीत खोदकाम केलं. सप्टेंबर २०२०मध्ये तीच कंपनी दिवाळखोरीत गेली. ज्या गावाच्या हवेवरून हा सगळा हिशेब सुरू झाला तिथे नवी अट पोचली तेव्हा विहिरी खोदून झाल्या होत्या.

आपल्याकडे याची तुलना करायची तर जरा जपून. महाराष्ट्राचं तेल मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रात. रिगच्या शेजारी आपल्यापैकी कुणाचं घर नाही. आसामात मात्र आहे. तिनसुकिया जिल्ह्यातल्या बाघजान इथे २७ मे २०२०ला वायुविहीर फुटली, ९ जूनला पेटली आणि नोव्हेंबरपर्यंत काबूत आली नाही. हजारो लोक घरं सोडून छावण्यांत गेले. त्याच वर्षी जानेवारीत, म्हणजे फुटण्याच्या चार महिने आधी, केंद्राने तेल-वायूच्या शोधासाठीच्या खोदकामाला जनसुनावणी लागणार नाही अशा वर्गात टाकलं होतं.

कोलोरॅडोत सप्टेंबर २०२०मध्ये हवेबाबतचा आणखी एक नियम झाला, त्याची चर्चा २,००० फुटांच्या गाजावाजात बुडाली. खोदकाम, फ्रॅकिंग, फ्लोबॅक आणि उत्पादनाचे पहिले सहा महिने, या सगळ्या काळात कंपनीने पॅडभोवतीची हवा सतत मोजायची. आता तिथे अनेक ठिकाणी खांबावर एक लहान संवेदक असतो. हवेतल्या वाफांचं प्रमाण ठरलेल्या रेषेवर गेलं की तो खूण करतो आणि शेजारच्या कॅनिस्टरची तोटी आपोआप उघडते. तोच सहा लिटरचा स्टीलचा डबा. फक्त आता तो २४ तास सावकाश भरत बसत नाही. रात्री दोनला वास सुटला तर दोनलाच उघडतो. ती रेषा कुठे आखायची हे मात्र कंपनी आपल्या आराखड्यात लिहिते आणि सरकार त्यावर सही करतं.